बोंबील राउंडहेपर्यंत गेले होते

आमच्या बिल्डिंगमध्ये चांगुणामावशींच्या गोष्टी निघाल्या की मी हसतो, मान डोलावतो आणि संधी मिळताच पाण्याच्या टाकीचा विषय काढतो. सोसायटीचा सेक्रेटरी असण्याचा हा एक फायदा आहे. टाकीबद्दल कुणालाही, केव्हाही बोलतं करता येतं. मावशींनी पनवेलजवळचं आमचं करंजाडं सोडून वर्ष उलटलं. एवढ्या काळात त्यांच्याबद्दल मी एक वाक्य धड बोललेलो नाही. लोकांना वाटतं, सेक्रेटरींना आठवण येते म्हणून ते गप्प होतात. आठवण येते हे खरंच. पण गप्प होण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आज सांगून टाकायचं ठरवलंय. मात्र आधी मावशी. माझी पाळी नंतर.

मावशी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या. मूळच्या गव्हाणच्या, कोळ्याच्या घरातल्या. नवरा बंदरात नोकरीला होता. एकुलत्या एक लेकीला, नंदाला, नर्सिंगच्या कॉलेजला जायला स्टेशन जवळ पडावं म्हणून त्याने हा फ्लॅट घेतला आणि दोन वर्षांत तो गेला. नंदा शिकली, परदेशी गेली. मावशी फ्लॅटमध्ये उरल्या. बुटक्या, रुंद, अंबाड्यात रोज अबोलीची वेणी, आणि चालताना दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, जणू समोर बाजाराची गर्दी आहे आणि वाट काढायची आहे. आमच्या जिन्यात गर्दी नसायची, पण कोपरं तशीच. आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला पोचवायची सवय असलेला. फोनवर बोलायला लागल्या की फोन लागलेला नसता तरी चाललं असतं.

आमची पहिली भेट लिफ्टपाशी झाली.

"नमस्कार मावशी, मी समोरच राहतो. सोसायटीचा सेक्रेटरी."

"म्हंजे सकाळचं पानी बंद करतोस तो तूच ना?"

त्या दिवसापासून मी शेक्रेटरी झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. आणि पहिल्या वाक्यापासून मला 'तू'. माझ्यासारख्या पन्नाशीच्या, ऑफिसात 'सर' ऐकणाऱ्या माणसाला ते सुरुवातीला जरा टोचलं. पुढे कुणी 'तुम्ही' म्हटलं की परकं वाटायला लागलं, हा भाग निराळा.

दिवाळी सरली आणि गच्चीवर दोऱ्या आल्या. एका सकाळी चौथ्या मजल्यावरचे जोगळेकर मास्तर योगासनं करायला वर गेले आणि जिन्यावरून अक्षरशः धावत खाली आले. निवृत्त हेडमास्तर, आयुष्यात पोरांना 'धावू नका' असं सांगत आलेले.

"वर काहीतरी टांगलंय," एवढंच म्हणाले.

मी गेलो. टाकीच्या पाइपापासून डिशच्या खांबापर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर शे-दीडशे बोंबील, दोन-दोनच्या जोडीने. खाली स्टुलावर मावशी, हातात कावळ्यांसाठी काठी.

"मावशी, हे काय आहे?" दिसत असूनही मी विचारलं. सेक्रेटरीला विचारावं लागतं.

"बोंबील. बघ, एकटा बोंबील दोरीवर ऱ्हात नाय, घसरतो. दोघांचे जबडे एकमेकात घातले की बसले. मग वारा येव दे, नायतर कावला." माझ्यामागे जिन्याच्या दारात मास्तर उभे होते. त्यांच्याकडे बघून मावशी म्हणाल्या, "मास्तर, तुमची बायको कवा येते गावावरनं?"

मास्तरांनी लेखी तक्रार दिली. मी नोटीस काढली. मराठीत, शुद्ध, आणि त्यात 'दुर्गंधी' हा शब्द दोनदा. संध्याकाळी मावशी ती नोटीस फळ्यावरून काढून माझ्या दारात घेऊन आल्या.

"काय लिवलंय वाच."

मी वाचली.

"दुर्गंधी म्हंजे?"

"वाईट वास."

"आस्सं," म्हणाल्या, आणि नोटीस माझ्या हातात परत देऊन गेल्या.

रविवारी पार्किंगमध्ये सभा. सगळ्यांचं बोलून झाल्यावर मावशी उठल्या. "जिना चढताना मना सगली बिल्डिंग वासावरनं कलते. पयल्या मजल्यावर फिनेल. दुसऱ्यावर हिंग, नि आठवड्यातनं तीनदा उतू गेलेलं दूध. मास्तरच्या दारात बाम. मी कवा कायतरी बोलले? शेक्रेटरीच्या घरातनं कसलाच वास येत नाय. मना त्याचीच कालजी वाटते."

सगळ्यात जास्त हसले ते मास्तर. मग मावशींनी तोडगाही स्वतःच दिला. "टाकीमागचा कोपरा द्या. अकराला वारा फिरतो. वास सगला रस्त्यावर जातो. रस्त्याला नाक नाय." तो कोपरा त्यांना मिळाला. वारा रोज अकराला फिरायचा. मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

माझ्या घरातून वास येत नाही हे खरं होतं. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. कॉलेजात असताना मित्रांच्या घरी मला मासळीची चटक लागली होती, ती लग्नानंतर मुकाट्याने सुटली. सुटली असं मला वाटत होतं. सभेनंतरच्या बुधवारी समोरच्या दारातून हाक आली, "शेक्रेटरी, माझं मीटर बघ जरा, जास्त पलतंय."

मी गेलो. मीटर नीट चाललं होतं. टेबलावर ताट वाढलेलं होतं. तळलेले बोंबील, तांदळाची भाकरी, कांदा.

"मावशी, मी..."

"सभेत तुझं नाक बघत व्हते मी. सगल्यांनी रुमाल धरले, तू श्वास घेत व्हतास. बस."

त्यानंतर दर बुधवारी मी मावशींचं मीटर बघायला जाऊ लागलो. जेवण झालं की त्या साबण घेऊ द्यायच्या नाहीत, लिंबाची फोड हातावर ठेवायच्या. "साबनानं वास झाकतो, लिंबानं जातो." माझा पुरा विश्वास होता की माझ्या घरी काही कळत नाही. मग एका बुधवारी बायकोने चहा ठेवता ठेवता शांतपणे विचारलं, "आज मीटरमध्ये बांगडा होता की बोंबील?"

मावशी लेकीकडे इंग्लंडला जाऊन आल्या, ती गोष्ट त्या गच्चीवर सांगायच्या, दर वेळी थोडी वाढवून. नंदा लीड्सला हॉस्पिटलात नर्स. नवरा केरळचा, तोही त्याच कामात. "जावई सोन्यासारका. मासली खातो, काटे मोजत नाय." त्यांचं घर शहराबाहेर, राउंडहे नावाच्या वस्तीत, मोठ्या बागेला लागून.

"झाडं म्हंजे किती, शेक्रेटरी? घराला झाडं नायत, झाडांना घरं हायत. ऊनसुदा पानांना इचारून खाली येतं. आनि मानूस म्हनशील तर नाय. सकाली दार उघडून पायरीवर बसले. एक बाई कुत्रा घेऊन गेली. बारा वाजता तीच बाई तोच कुत्रा घेऊन परत आली. झाला दिवस."

"मग काय केलंत?"

"कुत्र्याशी बोलाय लागले. तर बाई सॉरी, सॉरी करते. मी बोलले, बाय, कुत्रा गुनी हाय तुजा, सॉरी कनाला?"

चौथ्या दिवशी ती बाई पायरीवर यांच्या शेजारी बसली होती. तिला इंग्लिश येत होतं, मावशींना गव्हाणची बोली. तरी दोघींचं गुडघ्यांच्या विषयावर एकमत झालं. बसमधून उतरताना तिथे सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, हे मावशींना फार आवडलं होतं. परत आल्यावर त्यांनी ते पनवेल स्टेशनच्या रिक्षावाल्यावर करून पाहिलं. "तो बोलतो, काय झालं मावशी, बरं नाय काय वाटत? डाक्टरकडे सोडू?"

तीन महिन्यांसाठी गेलेल्या मावशी पाच आठवड्यांत परत आल्या होत्या. त्या ठिकाणी गोष्ट नेहमी आखडती व्हायची. "मग कंटाला आला. आले." मीही पुढे विचारत नसे. न विचारणं मला चांगलं जमतं.

त्यांनी होऊन सांगितलं ते एका मे महिन्यात. आमच्या कंपनीने, म्हणजे तळोज्याच्या, मला आणि साहेबांना दहा दिवसांच्या ट्रेनिंगला लीड्सला पाठवायचं ठरवलं होतं. बुधवारी जेवता जेवता मी ते बोललो. मावशींचा वाढता हात थांबला.

"लीड्स म्हंजे नंदीचं लीड्स?"

"तेच."

मग बाकीची गोष्ट आली. तिथल्या बाजारात त्यांना ताजे बांगडे मिळाले होते. त्यांचा उन्हाळा होता, ऊन पडलं होतं. ऊन बघून यांचे हात शिवशिवले. बांगडे चिरले, मीठ भरलं आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांची चिठ्ठी आली, अतिशय नम्र, की काही अडचण आहे का, काही मदत हवी आहे का. नंदा ड्युटीवरून आली, चिठ्ठी वाचली, काळी पिशवी घेतली आणि सगळे बांगडे त्यात भरले.

"मी बोलले, नंदे, चिमटे तरी काढ. तर मना बोलते, आई, मला इथं ऱ्हायचंय. लोकांनी मला वासानं ओलखायला नको." मावशींनी माझ्या ताटात भात वाढला. "दुसऱ्या दिवशी मी तिकीट मागितलं. आता वरीस झालं. ती फोन करत नाय, मी करत नाय."

"तुम्ही करा ना."

"तसं नसतं. आमच्या घरात रीत हाय. पावसाच्या आधी सुक्या मासलीची आगोट भरतात, तवा पयला वाटा सासरी गेलेल्या लेकीचा. भांडान असू दे, कायपन असू दे, वाटा जातो. आनि लेकीनं कलवायचं, आई, वाटा पोचला. येवढंच. मग भांडान संपलं, कोन चुकलं ते कुनी काढायचं नाय. माझी आय नि आजी दोन वर्सं बोलत नव्हत्या. वाटा गेला, तिसऱ्या दिवशी आय दारात."

"आणि लेकीने नाही कळवलं तर?"

"तर समजायचं, तिला म्हायेर नको." मग म्हणाल्या, "नंदीला रीत म्हायती हाय. तू फकस्त नेऊन दे."

निघायच्या आदल्या दिवशी पार्सल तयार झालं. टाकीमागच्या कोपऱ्यातले निवडक पन्नास बोंबील. वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक, मग जुन्या लुगड्याचा तुकडा, वर दोरी. ते त्यांनी माझ्या दोन्ही हातांत दिलं, एका हातात नाही.

आता माझी पाळी.

विमानतळावर मला दरदरून घाम फुटला होता, पण कुणी काही विचारलं नाही. हॉटेलात पार्सल कपाटात ठेवलं. साहेब चुकून माझ्या खोलीत येतील या धास्तीने दहा दिवस त्यांना मीच त्यांच्या खोलीत भेटत राहिलो. शेवटच्या रविवारी पार्सल आणि बायकोने दिलेला चिवडा घेऊन राउंडहेची बस पकडली. वरच्या मजल्यावर सगळ्यात मागे बसलो. पुढच्या माणसाने खिडकी उघडली. कदाचित त्याला उकडत असेल. तसा तेव्हा विचार केला असता तर बरं झालं असतं.

मावशींनी सांगितलं होतं त्यात काडीचीही भर नव्हती. खरोखर झाडांना घरं होती. दगडी, जुनी, प्रत्येकापुढे कातरलेलं कुंपण आणि हिरवळ, रस्त्यावर कागदाचा कपटा नाही, हॉर्न नाही. माझे बूट वाजत होते तेसुद्धा मला उर्मट वाटायला लागले. नंदाला फोनवर सांगितलेल्या वेळेच्या आधी पोचलो म्हणून बागेतून चक्कर मारली. तळं, हिरवळीवर बसलेली कुटुंबं, पांढरे शर्ट. एक कुत्रा आला आणि माझ्या पिशवीला नाक लावून उभा राहिला. हलेना. मालकीण पट्टा ओढत होती, तो हलेना. ती सॉरी म्हणत होती, आणि आजूबाजूची चार माणसं हसून बघत होती. चांगलं हसू होतं ते. पण माझी कानशिलं तापली.

बागेच्या फाटकाजवळ कचऱ्याचा हिरवा डबा होता. समोर रस्त्यापलीकडे, पानांमधून, नंदाच्या घराचं छप्पर दिसत होतं. नंबर मी आधीच बघून आलो होतो. मी पिशवीतून पार्सल काढलं आणि डब्यात टाकलं. दोरीसकट.

मग मला हलकं वाटलं. सांगायला इतके दिवस लागले ते हे. टाकलं हे नव्हे, हलकं वाटलं हे.

दोन मिनिटांत मी दारात होतो. नंदाने दार उघडलं तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे पाहिलं. हातात चिवडा होता. तिला पाचवा महिना चालू होता, बघताक्षणी कळत होतं. तिने बसवलं, चहा केला, बिल्डिंगमधल्या प्रत्येकाची चौकशी केली, मास्तरांचीसुद्धा. आईची नाही. मी निघायच्या बेतात आल्यावर म्हणाली, "काका, आईने काही दिलंय का? वाटा वगैरे?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. "नाही गं, घाईत निघालो. आणि सुकी मासळी इथे आणता येत नाही ना."

"येते," ती म्हणाली. "सगळे आणतात."

तिने कप उचलले. आत गेली, बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली ती म्हणाली, "माझं हे आईला सांगू नका. तिने विचारलं असतं तर मीच सांगणार होते."

पार्सल तेव्हा रस्त्यापलीकडे होतं. काही विसरलो म्हणून उठता आलं असतं. डब्यात हात घालावा लागला असता, एवढंच. मी दुसरा कप चहा घेतला.

परत आलो तर मावशी जिन्यातच उभ्या.

"पोचला?"

"पोचला."

"हातात दिलास?"

"हातात दिला."

"वास घेतला तिनं?"

इथे थांबता आलं असतं. पण मी म्हणालो, "घेतला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

चार दिवस मावशींचा फोन चार्जिंगवरून निघाला नाही. त्या खालच्या दुकानातसुद्धा जायच्या नाहीत, मी कोथिंबीर आणून द्यायचो. पंधरा दिवसांनी फोन कपाटावर गेला. एका बुधवारी वाढता वाढता त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "नंदीला म्हायेर नको झालं. आजून भात?"

मी भात घेतला. त्या बुधवारी घेतला, आणि पुढच्याही. मीटर बघणं मी बंद केलं नाही. बंद केलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे बोंबील चांगले होते.

ऑक्टोबरात नंदाचा मेसेज आला. सोबत फोटो. "काका, मुलगी झाली. तीन आठवडे झाले. आईला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मला एवढंच विचारायचंय, तिने कधी माझं नाव काढलं का?"

मी तो फोटो दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी साडेदहाला गच्चीवर गेलो. नव्या मोसमाचे पहिले बोंबील आले होते, मावशी जबड्यात जबडा अडकवत होत्या.

"मावशी, मे महिन्यातले ते बोंबील मी नंदाला दिले नाहीत."

"मग कोनाला दिलेस?"

"कुणालाच नाही. टाकले."

"कुठं?"

"तिच्या घरासमोरच्या बागेत. कचऱ्याच्या डब्यात."

त्यांचे हात थांबले नाहीत. पुढची जोडी अडकवली, दोरीवर टाकली. "खराब झालेले?"

त्यांनी वाट काढून दिली होती. 'हो' म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "चांगले होते. वास येत होता, म्हणून. मला लाज वाटली."

"माझ्या घरात जेवायचास, तवा?"

मी मोबाईल काढून फोटो पुढे धरला. मावशींनी हात लुगड्याला पुसले, पण मोबाईल हातात घेतला नाही. मी धरून राहिलो, त्या वाकून बघत राहिल्या. नाक, कान, बोटं, सगळं बघितलं.

"कवा झाली?"

"सप्टेंबरात."

"बालंतपन कोनी केलं?"

"मला माहीत नाही."

"लाव फोन," त्या म्हणाल्या.

मी फोन लावला. पलीकडून नंदाचा आवाज आला, आणि मावशी बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज एका खोलीत मावेल एवढा होता.

"नंदे, वाटा मी पाठवला व्हता. आधीच पाठवला व्हता. मधी ऱ्हायला."

"मध्ये? कुठे?"

मी समोरच उभा होतो. मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"जाव दे आता," त्या म्हणाल्या. "तेल कोन लावतं तिला?"

त्यानंतर त्या अर्धा तास नंदाला तेलाविषयी सांगत होत्या, आणि आवाज हळूहळू पुन्हा खाडी ओलांडायला लागला. मी कावळे हाकत होतो. माझं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, नंतरही नाही. नंदाला आजही माहीत नाही. बिल्डिंगमध्ये कुणाला माहीत नाही.

मावशी माझ्याशी बोलायच्या थांबल्या नाहीत. पाणी वेळेवर सुटलं नाही तर दारात येऊन भांडायच्या, जिन्यात भेटल्या तर पूर्वीसारखी खेचायच्या. फक्त बुधवारची हाक आली नाही. तीन बुधवार वाट बघून मीच दारात गेलो.

"मावशी, मीटर बघू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "बरं चाललंय आता."

पौषात त्या गेल्या, कायमच्या. नंदाची सुट्टी संपत होती, पोरीला बघायला कुणीतरी हवं होतं. सगळी बिल्डिंग खाली आली होती. मास्तरांनी विचारलं, "आता गच्चीवर काय बघायचं आम्ही?" तर म्हणाल्या, "योगासनं करा. कावल्यांना सवय हाय कायतरी टांगलेलं बघायची." मी दोन्ही बॅगा खाली आणल्या, गाडीत ठेवल्या. त्यांनी प्रत्येकाच्या हातात हात दिला, माझ्याही. लिंबाचा वास होता हाताला.

मागच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. मावशींचा कानच आधी दिसला, मग कपाळ, मग अख्खा चेहरा. अंगात लोकरीचं जाकीट.

"शेक्रेटरी, कामात हायस?"

"नाही मावशी, बोला."

"बागेत आलेय, पोरीला घेऊन. नंदी घरी झोपलीय." फोन फिरला. हिरवळ, तळ्याची कड, ढकलगाडीत टोपी घातलेलं एक गुबगुबीत तोंड. मग फोन पुन्हा फिरला. "इथं दोन डबे हायत. एक काला, एक हिरवा. कंचा?"

मी उठून बाल्कनीत गेलो, दार लावून घेतलं. "हिरवा."

"ह्यो? फाटकाजवलचा?"

"हो."

त्यांनी फोन डब्याजवळ नेला. झाकण दिसलं, त्यावर पडलेली दोन-चार पानं. मग त्यांनी फोन वर केला. रस्ता, पलीकडची झाडं, आणि पानांतून छप्पर.

"घर दिसतं इथनं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तवा पन दिसत व्हतं?"

"दिसत होतं."

फोन ढकलगाडीत कुठेतरी ठेवला गेला, बंद न करता. त्यांना तो बंद करता यायचा नाही, किंवा त्यांनी केला नाही. मला फक्त पानं दिसत होती, एकामागून एक सरकणारी, आणि मधून मधून ऊन. चाकांचा आवाज येत होता. फाटक वाजलं. चाकं खडीवरून रस्त्यावर आली, थांबली, एक गाडी गेली, पुन्हा निघाली. मावशी पोरीशी काहीतरी बोलत होत्या, हळू, मला शब्द कळत नव्हते. मी फोन कापला नाही. मग पानं संपली, आभाळ आलं, किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं.

"पोचलो गं बाय," त्या म्हणाल्या.